वेशीवरच्या बाईचे डोळे

पेणचा गणपती घरी आणला की तुम्ही लोक कौतुकानं म्हणता, "बघा, कसा आपल्याकडेच बघतोय." बघणारच. त्याला बघायला मी शिकवलंय. लग्न होऊन पेणजवळच्या जोह्याला आले त्या वर्षीच सासूबाईंनी माझ्या हातात ब्रश दिला, आणि गुडघ्यांनी संप पुकारला तोवर मी आमच्या कारखान्यात आखणी करत होते. आता मुलगा महेश सगळं बघतो. मी खुर्चीत बसते आणि त्याला नको असलेले सल्ले देते.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाहेरच्यांना वाटतं, दोन ठिपके दिले की झालं. तसं असतं तर गल्लीतल्या पोरांनी केलं असतं. आधी डोळ्यातलं पांढरं, मग वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी त्या बुबुळात उजेडाचा एक कण. रेघ ओढताना श्वास रोखायचा. बुबुळ केसभर वर गेलं की देव घाबरलेला दिसतो, खाली आलं की पेंगतो, आणि नाकाकडे सरकलं की मग काय बोलायलाच नको. सासूबाईंचा एकच नियम होता, तो मी कधी मोडला नाही: एक डोळा काढून उठायचं नाही. घरात आग लागली तरी दुसरा पुरा करायचा आणि मगच पळायचं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "अर्धवट बघनाऱ्याला काय दिसंल ते आपल्याला ठाव नसतं, म्हनून."

या अंकाच्या संपादकबाईंनी मला विचारलं, तुम्ही सिनेमावाल्यांसाठी मूर्ती केल्यात आणि पुस्तकंही खूप वाचता, तर सांगा, गोष्ट पुस्तकातली चांगली की पडद्यावरची? मी मूळची रोह्याची. माहेरी आमच्या घरापासून वाचनालय हाकेच्या अंतरावर, आणि मला राक्षसांच्या, परकायाप्रवेशाच्या, बुडालेल्या नगरांच्या कादंबऱ्यांचं भयंकर वेड. आई म्हणायची, हिला सासर मिळेल तेही पाताळातच. तेव्हा उत्तर द्यायला मी अगदी योग्य बाई आहे. तरी उत्तर देताना माझी जीभ अडखळते. का, तेच सांगते.

सिनेमाचं पहिलं काम आलं ते एका मुलांच्या कादंबरीचं. त्यात जंगलात एक प्राणी असतो. लेखकानं तो पूर्ण कधी दाखवलेलाच नाही. कधी नुसता ओला वास, कधी झाडावर उंच कुठंतरी खरचटलेलं. लहानपणी ते वाचून मी कितीतरी दिवस परसात एकटी गेले नव्हते. सिनेमावाल्यांनी आम्हाला चित्र दिलं, त्याला शिंगं, दात, अंगावर खवले, एवढंच नव्हे तर शेपटीला काटे. आम्ही केला. चांगला केला. थिएटरात तो आला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं हसली. महेशला वाईट वाटलं. मी म्हटलं, बाबा, तुझी चूक नाही. जे सगळंच्या सगळं दिसलं, त्याला कोण घाबरणार?

आणि सिनेमा चालला की पुढच्या वर्षी गणपतीची गिऱ्हाइकं वेडी होतात. नागोठण्याचे एक काका आले, त्यांना सिनेमातल्या नायकासारखा पंख असलेला गणपती हवा होता. मी म्हटलं, "काका, पंख देते. पण मग उंदराचं काय करायचं? त्याला पेन्शन द्यायची?" काका रागावले, पण पंखांवरनं खाली उतरले. अशी गंमत चालायची. पुस्तक हे पुस्तक, सिनेमा हा सिनेमा, आपण रंग लावावा आणि घरी जावं, असं मी मानत होते. मग वेशीवरची बाई आली.

'उधाणपुरी' तुम्ही वाचली असेल. आमच्या पिढीनं ती फाटेपर्यंत वाचली. खाडीच्या तळाशी एक नगर आहे, मोठ्या उधाणाला ते वर येतं, आणि त्याच्या वेशीवर एक बाई बसलेली असते. पाण्यात गेलेलं प्रत्येक माणूस तिच्या समोरून आत जातं. लेखकानं तिच्या चेहऱ्याचं वर्णन केलेलं नाही. एवढंच सांगितलंय, की ज्याचं कुणी पाण्यात गेलं असेल त्याला तो चेहरा ओळखीचा वाटतो. शेवटी ती डोळे मिटून पुन्हा पाण्याखाली जाते. ते पान मी रोह्याला कुंडलिकेच्या घाटावर बसून वाचलं होतं, आणि वाचून झाल्यावर नदीकडे पाठ करून घरी गेले होते.

त्या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि तिची मूर्ती आमच्याकडे आली. आर्ट डायरेक्टर म्हणून अनिकेत नावाचा मुंबईचा मुलगा होता, शांत, नीट बोलणारा. त्यानं माप दिलं, माणसापेक्षा थोडी मोठी, मांडी घालून बसलेली. म्हणाला, "शाडू नको काकू. पेंढ्याचा सांगाडा आणि वर कागदाचा लगदा." मला वाटलं, उचलायला हलकी हवी असेल. चेहरा साधा ठेवा, म्हणाला. डोळे मात्र हुबेहूब नायिकेचे हवेत, कारण सिनेमात शेवटी कळतं की ती बाई म्हणजे नायिकेचीच आई. पुस्तकात असलं काही नाही. मी कपाळाला हात लावला, पण तोंड मिटून ठेवलं. नायिकेचे फोटो तो पाठवणार होता, ते आले की आखणी करायची.

चेहरा महेशनं केला. वर गुलाबीसर अस्तर दिलं, आणि बिनडोळ्यांची ती बाई कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून फोटोंची वाट बघत बसली. कुणासारखी केलीस, म्हणून मी विचारलं. महेश म्हणाला, "कुणासारखीच नाय. हात थांबला तिथं सोडली."

पहिल्यांदा थबकला तो गॅसवाला. सिलिंडर खाली ठेवलं आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "ही कुनाची मूर्ती? माझ्या भावासारखी दिसते." त्याचा भाऊ कुंडलिकेत गेलेला. मी म्हटलं, अरे, ती बाई आहे. तो म्हणाला, "व्हय, ते दिसतंय मला," आणि पैसे न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी येऊन घेतले, पण आत आला नाही, बाहेरूनच हाक मारली.

मग रंगाच्या दुकानदाराला त्याची मामी दिसली. मग एका मास्तरांना त्यांचा वर्गमित्र. दोघांचीही माणसं पाण्यात गेलेली. पुस्तक यांपैकी एकानंही वाचलेलं नव्हतं, मी विचारून घेतलं. महेश हसायचा. "आई, लोकांचं काय, नाक दिसलं की आत्या म्हणतात." मीही हसायचे. आमच्या घरात पाण्यात कुणी गेलेलं नाही. मला तो नुसता चेहरा दिसायचा, जरा अपुरा, आखणीची वाट बघणारा.

पण पेणच्या बँकेतली एक मुलगी गणपती ठरवायला आली होती, तिचं मात्र माझ्या मनात अजून बसलंय. ती मूर्तीकडे बघून म्हणाली, "अय्या, ही तर आमच्या आजीसारखी आहे. फोटोत अगदी अशीच आहे." मी विचारलं, आजी पाण्यात गेली का हो? ती म्हणाली, नाही नाही, आजी तापानं गेली, बाबा लहान असताना. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलो, हा सगळा मनाचाच खेळ. आठवड्यानं ती पुन्हा आली, गणपतीसाठी नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "बाबांना विचारलं मी. ताप नव्हता. आजी विहिरीत गेली होती. आमच्या घरात कुणी कधी बोललंच नाही." मग मला विचारते, "काकू, तुम्हाला कसं कळलं?" त्या दिवसापासून महेश हसेनासा झाला, आणि मी त्या बाईच्या डोक्यावरून जुनी चादर टाकली.

चादर काढली ती सुगंधानं. सुगंधा आमच्याकडे घासकाम करायची. मूर्ती सुकली की पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायची असते, ते काम. खाडीकाठच्या खारेपाटातल्या गावातून बसनं यायची. घरचं मिठागराचं काम, नवरा धर्मा मिठागरातच. त्यांची मुलगी रूपाली रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायची. मोठ्या उधाणात खाडीचं पाणी अडवणारा खारीचा बांध फुटला, खांड पडली, आणि सगळा गाव चिखल टाकून ती बुजवायला धावला. बापानं सकाळपासून खाल्लं नाही म्हणून रूपाली भाकरी घेऊन बांधावर गेली. तिच्या पायाखालचा बांध सुटला. धर्माच्या डोळ्यांदेखत. ती सापडली नाही. शेजारच्या गावांनी होड्या घातल्या, तरी नाही.

भटजींनी सांगितलं होतं, देह मिळत नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, पोरीला वाट मोकळी होते. धर्मा ऐकेना. गवताची बाहुली म्हणजे माझी पोर नाय, म्हणाला. तीन पावसाळे झाले तरी ओहोटी लागली की तो बांधावर जाऊन बसायचा. जेवायचा नाही, बोलायचा नाही, नुसता चिखलाकडे बघायचा. सुगंधा मला म्हणायची, "वैनी, पोर गेली ती गेली. ह्यो मानूस पन थयंच चाललाय माझा."

त्या दिवशी दुपारी मी आत गेले तर चादर खाली पडलेली, आणि सुगंधा मूर्तीसमोर बसून तिचा गाल पॉलिश पेपरनं घासत होती. हळूहळू. त्या मूर्तीला घासकामाची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "गो, काय करतेस?"

"रूपी हाय ही," ती म्हणाली. रडत नव्हती, अगदी सरळ आवाजात. "वैनी, हिचं डोलं रूपीचं काडा. माज्याकडं फोटो नाय तिचा. व्हते ते तिच्या फोनमधी, फोन तिच्यासंगं गेला. आधारकार्डावरचा हाय, तो चोराचा वाटतो, डोलं काय कलत नाय त्यात. लग्नातला एक हाय, त्यात तिनं नेमकं डोलं मिटलंत."

मी म्हटलं, अगो, ही दुसऱ्याची ऑर्डर. पण सुगंधानं माझा हात धरला होता, आणि तो हात सोडवून घेण्याइतकी मी दगड नाही. फोटो अजून आले नव्हते. मी मनात म्हटलं, काढते, मग अस्तर मारून पुसता येईल. रंग कालवला, ब्रश ओला केला, आणि विचारलं, "सांग. कसे होते तिचे डोळे?"

सुगंधानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी वाट बघितली. मोठे? बारीक? बाहेर लांब गेलेले? ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा पांढरा होत गेला. तिला आठवत नव्हतं. पोटच्या पोरीचे डोळे आईला आठवत नव्हते. मी आयुष्यात भुताखेतांची इतकी पुस्तकं वाचली, पण त्या क्षणाइतकी भीती मला कुठल्याच पानावर वाटली नाही.

शेवटी ती पुटपुटली, "बापावर गेलते. सगली म्हनायची, डोलं बापाचं हायत."

मग दुसऱ्या दिवशी धर्मा आला. कसा आला, तिनं त्याला काय सांगितलं, मी विचारलं नाही. उंच, वाळलेला माणूस, मिठानं हातांना भेगा पडलेल्या. दारातून आत आला, मूर्तीकडे बघितलं, आणि म्हणाला, "ही रूपी नाय. रूपी डोलं मिटून बसनारी नाय."

मी म्हटलं, "धर्माभाऊ, म्हणूनच बोलावलंय. इथं बसा, माझ्याकडे बघा, आणि हलू नका."

तो बसला. मी माणसाच्या डोळ्यांवरून कधी आखणी केलेली नव्हती, देवाचे डोळे हातात बसलेले असतात. वर्षानुवर्षं चिखलावर नजर लावून बसलेले ते डोळे बघून बघून मी पांढरं भरलं, रेघ ओढली. दुपारची वेळ, बाहेर पोरं रंगाचे डबे धूत होती. डावा डोळा झाला. त्या डोळ्यात उजेडाचा कण ठेवला. अर्धा चेहरा झोपलेला आणि अर्धा आमच्याकडे बघत होता.

नेमका तेव्हा अनिकेत आला. हातात नायिकेचे फोटो, सोबत एक असिस्टंट. "काकू, थांबा, थांबा, हे कुणाचे डोळे काढताय?"

थांबायचं तर एक डोळा काढून उठायचं. मी मान वळवली नाही. म्हटलं, "बाबा, ओरडायचं ते नंतर ओरड," आणि उजवा सुरू केला. पापणी, बुबुळ, आणि शेवटचा कण. मी ब्रश खाली ठेवला आणि बाजूला झाले.

धर्मा मूर्तीकडे बघत होता. ओळखीचं माणूस उशिरा घरी आल्यावर बोलतो तशा आवाजात म्हणाला, "कवाची वाट बगतंय गो तुजी." सुगंधानं पदर तोंडात कोंबला.

अनिकेतला काय झालंय ते महेशनं बाजूला घेऊन सांगितलं. असिस्टंट म्हणाला, "सर, डोळे कॉम्प्युटरवर बदलता येतील. नाहीतरी सीन जळतानाचाच तर आहे."

"जळताना?" मी विचारलं.

तेव्हा मला कळलं, पेंढा आणि कागद कशासाठी ते. सिनेमात त्या बाईला जाळणार होते. माझं डोकं सटकलं. गुडघे विसरून मी उभी राहिले. पुस्तकात ती पाण्यात जाते, डोळे मिटून जाते, सगळ्या पुस्तकाचा जीव त्या एका पानात आहे, आणि तुम्ही तिला होळीसारखी पेटवणार? लाज नाही वाटत? असं बरंच बोलले. अनिकेतनं ऐकून घेतलं. म्हणाला, "काकू, मीही ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचो. पण पाण्यात गेलेलं पडद्यावर दिसत नाही. पाणी मिटतं आणि संपतं. बघणाऱ्याला कळतच नाही, ती गेली की अजून आहे."

"तेच तर पुस्तकात आहे," मी म्हटलं. "कळत नाही, तेच."

"जालू दे," धर्मा म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडे वळलो. तो मूर्तीसमोरून हललेला नव्हता. "न कलन्यात मी तीन वर्सं काडली, वैनी. पानी मला ती देत नाय नि नेली म्हनून सांगत पन नाय. भटजी म्हनला, पुतला जाल. मी म्हनलो, गवताची बाहुली माजी पोर नाय. ही हाय. हिला आग मी देतो." मग अनिकेतकडे बघून विचारलं, "साहेब, चालंल?"

माझ्याकडे पुस्तकाच्या बाजूनं बोलायला अजून पुष्कळ होतं. तिथल्या तिथं ते सगळं मी गिळलं. अनिकेतनं फोटो पाकिटात घातले आणि म्हणाला, "चालेल."

भटजींनी सांगितल्याप्रमाणे मूर्ती पाठीतून चिरली, सुगंधानं आत दर्भ ठेवला, आणि महेशनं वरून कागद डकवून रंग दिला. शूटिंग खाडीच्या काठावर होतं, ऊन उतरतीला लागल्यावर. भरती येत होती. आम्ही कॅमेऱ्याच्या मागे उभे. कॅमेऱ्यात फक्त मूर्ती आणि मशाल धरलेला हात दिसणार होता, म्हणून नायकाऐवजी धर्मा पुढे झाला. मूर्ती एकच, त्यामुळे दुसरा टेक नव्हता. सुगंधाचे ओठ हलत होते. कुणीतरी ओरडलं, धर्मानं मशाल लावली.

कागद भरभर पेटतो. पण चेहरा बराच वेळ राहिला, आणि डोळे त्याहून जास्त. आगीतून ते आमच्याकडे बघत होते, कॅमेऱ्याकडे नाही. मग उष्णतेनं वरचा रंग फुगला, कपाळाचा कागद खाली ओघळला आणि दोन्ही डोळे झाकले गेले. मला पुस्तकातलं ते पान आठवलं. शेजारी उभा असलेला अनिकेत हळूच म्हणाला, "मिटले." एवढंच. कॅमेऱ्यात ते नीट आलं नाही, असं नंतर त्यानं सांगितलं. धुरात काही दिसत नव्हतं म्हणे. आम्हाला दोघांना मात्र दिसलं होतं.

दहावं, तेरावं सगळं झालं. मला वाटलं, सुटला धर्मा. पण सुगंधा कामावर यायची ती तशीच. "जातोय अजून," म्हणायची. "ओहोटी लागली की जातोय. म्हनतो, सवय हाय." राखेकडे तो त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बघत बसला होता, उठवूनही उठला नव्हता. मला माझाच राग यायचा. म्हणायचे, बाई, तुझ्या रेघोट्यांनी माणसं कशी बरी होतील? आणि खरं सांगते, पुस्तकाचंही दुःख होत होतं. घाटावर वाचलेलं ते पान उघडलं की आता पाणी दिसेना, धूरच दिसायचा. माझ्यापुरतं ते पुस्तक कायमचं बदललं. तो राग मी कुणावर काढणार?

सिनेमा लागला तेव्हा अनिकेतनं पास पाठवले. मी, सुगंधा आणि धर्मा रोह्याला गेलो. तो यायला तयार नव्हता. सुगंधा म्हणाली, नाय आलास तर मी पन घरी येनार नाय, तेव्हा आला. आयुष्यात थिएटरात पहिल्यांदा बसलेला माणूस, खुर्चीच्या टोकावर टेकून.

सिनेमा चांगला होता. हो, चांगला होता, मला कबूल करायला जड गेलं तरी. पाण्यातून नगर वर येतं तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला. वेशीवरची बाई आली आणि तिचे डोळे नायिकेचे होते. कॉम्प्युटरवर बदललेले, टपोरे, सुंदर. मी सुगंधाकडे बघितलं. ती शांत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं झालं वैनी. रूपीला ह्या सगल्यांनी बगायला नको." गॅसवाल्याचा भाऊ, बँकेतल्या मुलीची आजी, कुणीच त्या चेहऱ्यात उरलेलं नव्हतं. एक नटी बसली होती.

मग आगीचा सीन आला. नायक मशाल उचलतो, गोरापान, मनगटात कडं. पुढच्याच क्षणी पडदाभर हात दिसला, मशाल धरलेला, आणि तो हात काळा होता, भेगाळलेला, नखांत मिठाची पांढरी किनार. डोळे बदलताना हात बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा अनिकेतनं मुद्दाम ठेवला असेल, मी त्याला विचारलेलं नाही. थिएटरात कुणाला फरक कळला नाही. आग भडकली, लोकांनी शिट्ट्या मारल्या.

धर्मा उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली.

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ काका, खाली बसा की, दिसत नाय." तो बसला नाही. सुगंधा उभी राहिली. मग गुडघे धरून मीही उठले. मागचा माणूस पुन्हा काही बोलला नाही, काय समजला असेल देव जाणे. चेहरा जळून खाली आला, तसे धर्मानं पडद्याला हात जोडले, टोपी घातली आणि रांगेतून बाहेर निघाला. पायऱ्या चढताना सुगंधा मान वळवायला लागली, तर त्यानं तिचा दंड धरला. "मागं बगू नको," म्हणाला. "आग दिल्यावर मागं बगायचं नसतं."

आमच्या पाठीमागे सिनेमा चालूच होता, माणसं बोलत होती, संगीत वाजत होतं. मीही वळून बघितलं नाही. मी त्या दोघांच्या मागोमाग बाहेर आले, आणि 'उधाणपुरी'चा सिनेमात शेवट काय केलाय, हे मला आजही माहीत नाही.